गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं

रंकाळ्याजवळ एक नंदी आहे. दगडाचा, भला थोरला. माझे वडील, आण्णा, सांगायचे, हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. कोल्हापुरात वाढलेल्या बहुतेक पोरांनी ही गोष्ट ऐकलेली असते, आणि त्यातली काही चिकट पोरं घरातला गहू आणि तांदूळ शेजारी शेजारी ठेवून बघतात. मी बघितला होता. तांदूळ लांब निघाला. "मग नंदी मागंच चाललाय की," मी आण्णांना म्हटलं. ते हसले. "रेशनचा तांदूळ घे. तुकडा असतोय."

गेल्या जानेवारीत एका रविवारी मी रंकाळ्याला नऊ फेऱ्या मारल्या, पळत. माझ्या घड्याळावर एक फेरी साडेचार किलोमीटरची भरते. नऊ फेऱ्यांचे साडेचाळीस. मॅरेथॉन असते 42.195 किलोमीटरची. उरलेले सतराशे मीटर आणायचे कुठून म्हणून नकाशा उघडला, तर रंकाळा टॉवरपासून गंगावेशीतून खाली पंचगंगा घाटापर्यंतचं अंतर जवळजवळ तेवढंच निघालं. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. उत्तर इतकं सरळ आलं की पोरांना मी परत सोडवायला लावते. मी तीनदा मोजलं. घाटाशेजारी स्मशानभूमी आहे. आण्णांना तिथंच पोचवलं होतं.

हे पळणं वर्गणीसाठी होतं. आमच्या भागात शेवटच्या आजारातल्या माणसांना घरी जाऊन बघणारं एक छोटं पथक आहे. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक स्कूटर आणि कुणीतरी दिलेली जुनी व्हॅन. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. नाव छापून आलं की फोन वाढतात आणि माणसं तेवढीच राहतात. एखाद्या ठरलेल्या शर्यतीत का नाही पळालीस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एक तर प्रवेश फीचे पैसे. दुसरं, स्टेजवरचा पहाटे पाचचा झुंबा मला सोसत नाही. तिसरं म्हणजे आपल्याकडं पळण्यावरचं प्रत्येक भाषण पावनखिंडीत जाऊन थांबतं, आणि बाजीप्रभूंशी आपल्या गुडघ्यांची तुलना ऐकून मला ओशाळल्यासारखं होतं.

आण्णा उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. छत्तीस वर्षं काळी वाळू ठोकून साचे केले. घरी आले की आधी नाक शिंकरायचे, मग चहा. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा भट्टीमुळं की विडीमुळं, यावर घरात दोन तट पडले. आई विडीच्या विरोधात, धाकटा भाऊ भट्टीच्या. आण्णा तटस्थ. त्यांचा सगळा जीव कुस्तीत. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी 1912 साली बांधलं, आणि आण्णांच्या मते त्यानंतर जगात कुठंही दुसरं काही बांधायची गरज नव्हती. दोन केमो झाल्या. तिसरीच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाले, "कुस्ती निकाली झाली, बाळ. आता पंचाशी हुज्जत कशाला घालायची?"

दवाखान्यात आम्हाला तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं गेलं. "आता काही करता येण्यासारखं नाही. घरी घेऊन जा." हे वाक्य आपल्याकडं किती सहज म्हटलं जातं! बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणारा ते वाक्य घेऊन रिक्षात बसतो, घरी येतो, खाट मांडतो, आणि त्याला खरंच वाटतं की आता बघत बसायचं.

तालमीत एक शब्द आहे, दमसास. ताकद पुष्कळांकडं असते, डावही येतात, पण पंधराव्या मिनिटाला छाती शाबूत असणं हे दमसासाचं काम. आण्णा माणसं दमसासावर मोजायचे. पैलवान, जावई, नगरसेवक, सगळे. शेवटच्या तीन महिन्यांत आमच्या घरात त्या शब्दातला नुसता दम शिल्लक राहिला. संडासापर्यंत गेले की दम. दोन घोट पाणी प्यायले की दम. रात्री अडीचला उठून बसायचे, खाटेची कड धरायचे आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघायचे. ज्या माणसानं मला रंकाळ्यात पोहायला शिकवलं तोच माणूस कोरड्या खोलीत बुडत होता.

ओळखीतल्या कुणीतरी त्या पथकाचा नंबर दिला. सिस्टर आल्या त्या संध्याकाळी मी रिपोर्टांची जाड पिशवी घेऊन तयार होते. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आधी खाट कुठं आहे ते बघितलं. खाट खिडकीकडं ओढायला लावली. मांडीपुढं पाट, पाटावर दोन उशा, आणि त्यांवर कोपरं टेकून आण्णांना पुढं झुकवून बसवलं. मग म्हणाल्या, "टेबलफॅन आहे?" होता. माळ्यावर, पात्याला सुतळी गुंडाळलेला. तो आण्णांच्या तोंडासमोर लावला, वारा नाका-गालांवर येईल असा. आई पुटपुटली, "एवढ्यानं काय हुतंय." मी श्वास मोजत होते, कारण मला मोजण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मिनिटाला छत्तीस होते. वीस मिनिटांनी सव्वीस. चेहऱ्यावरच्या नसांना गार वारा लागला की मेंदूला हवा मिळत असल्याचा निरोप जातो आणि घाबरणं कमी होतं, असं त्यांनी नंतर समजावलं. कॅन्सर तसूभरही हलला नव्हता. पण आण्णांनी त्या रात्री चार तास झोप काढली, आणि सकाळी उठून पहिलं वाक्य बोलले ते, "हा पंखा माळ्यावर कुणी टाकला हुता?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. अफूपासून होणाऱ्या मॉर्फीनच्या गोळ्या सुरू करायचं म्हणाले, दुखण्यासाठी आणि दम कमी करण्यासाठीही, थोड्या मात्रेत. भाऊ ताडकन उठला. "अफू? आण्णांना अफू देणार?" डॉक्टरांनी त्याला बसवून चहा संपेपर्यंत सगळं सांगितलं. ठरलेल्या वेळेला, दर चार तासांनी. दुखायची वाट बघायची नाही. पहिले काही दिवस मळमळेल, गुंगी येईल, मग जाईल. शौचाला मात्र होणार नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच. माझ्या वहीत तो तक्ता अजून आहे: सहा, दहा, दोन, सहा, दहा.

आण्णांनी त्यांना थेट विचारलं, "किती दिवस?" आम्ही सगळे भिंतीकडं बघायला लागलो. डॉक्टर खाटेवर बसले. "महिने नाहीत, आण्णा. आठवडे असतील. पण दुखू देणार नाही." आण्णांनी मान डोलावली, अन् विचारलं की पट्टणकोडोलीची जत्रा कधी आहे.

जत्रा तोवर होऊन गेली होती. पण तिथूनच पूर्वी कधी आणलेलं काळं घोंगडं कपाटात होतं. आईनं ते काढून त्यांच्या पायांवर घातलं. बरंच नंतर मला कळलं की ह्या पथकाच्या कामाला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि पॅलिएटिव्ह हा शब्द लॅटिनमधल्या पॅलियम ह्या शब्दाशी जोडलेला आहे. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, झूल. थंडी थांबवता येत नाही, मग निदान पांघरूण घाला, एवढाच त्याचा अर्थ. आईला लॅटिन येत नाही. तिला घोंगडं माहीत होतं.

आता मावशीचं सांगितलं पाहिजे, कारण मावशी नसती तर आण्णांच्या वेळी मी तो नंबर फिरवलाच नसता.

मावशी गेली 2009 साली, दुसऱ्या गावात. गाव सांगत नाही आणि दवाखानाही. कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलली तरी ओरडायची. मी अकरा रात्री होते तिच्याजवळ. मावशी म्हणजे बाराखडी म्हणत भाकरी थापणारी, लग्नात हळदीच्या गाण्यांना सगळ्यांत पुढं असणारी बाई. तिच्या ओरडण्यानं शेजारच्या घरातल्या पोरांनी अभ्यासाला दुसरीकडं जायला सुरुवात केली. मी राऊंडवरच्या डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, आणखी काही देता येणार नाही का? "कडक औषध दिलं तर सवय लागेल," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. त्यानंतर ती नऊ दिवस जगली. सवय लागायला माणसाला आयुष्य लागतं, हे त्यांना ऐकवायला मला पंधरा वर्षं उशीर झालाय.

त्या डॉक्टरांवर एकट्यावर राग काढण्यात अर्थ नाही, हे मला हळूहळू समजलं. आपल्याकडं अफूची शेती कायद्यानं होते, मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडं, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. दुखणाऱ्या जगासाठी आपण अफू पिकवतो, अन् आपली मावशी ओरडत जाते. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा इतका कडक होता, परवान्यांची माळ इतकी लांब होती, की कित्येक दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फीन ठेवायचंच सोडून दिलं. मग डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते न देताच शिकल्या. कायदा सैल झाला 2014 साली. मावशीला पाच वर्षं उशीर.

शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळायचं हे काम ज्या बाईमुळं सुरू झालं तिची गोष्ट मी दहावीच्या ऑफ तासाला पोरांना सांगते. लंडनमधल्या सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग सामाजिक कार्यकर्ती, आणि दुखणं गांभीर्यानं घ्यायचं तर डॉक्टर व्हावं लागेल म्हणून तिशी उलटल्यावर डॉक्टरकी. 1948 साली त्यांच्या देखभालीतला एक रोगी वारला, डेव्हिड टासमा, वॉर्साहून आलेला निर्वासित, नात्यागोत्याचं जवळ कुणी नाही. मरताना त्यानं पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले आणि म्हणाला, तुमच्या घरातली मी एक खिडकी होईन. घर तर तेव्हा नव्हतंच. ते उभं राहायला 1967 साल उजाडलं, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, मरणाच्या वाटेवरच्या माणसांना शेवटपर्यंत सांभाळणारं घर. म्हणजे ह्या कामाची पहिली वर्गणी एका मरणाऱ्या माणसानं भरली, अन् बांधकामाच्या आधी एकोणीस वर्षं नुसती खिडकीच होती. आपल्याकडं पहिलं हॉस्पिस मुंबईत झालं, 1986 साली, वांद्र्याचं शांती अवेदना. केरळात 1993 साली कालिकतच्या मेडिकल कॉलेजातल्या काही डॉक्टरांनी काम सुरू केलं आणि नंतर गल्लीगल्लीतली माणसं त्यात उतरली, छोट्या छोट्या वर्गण्या काढून. वर्गणी म्हटल्यावर माझे कान टवकारले. ती विद्या कोल्हापूरला शिकवावी लागत नाही.

असं मला वाटलं होतं.

खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं. 2019 च्या महापुरात माझ्या शाळेच्या हॉलमध्ये भाकऱ्यांचे ढीग लागले होते, कोण आणून देतंय हे विचारायलाही वेळ नव्हता. गणपतीची वर्गणी तर इथं जन्मसिद्ध. तेव्हा एका फेरीला अमुक रुपये असा हिशेब मांडला, पावतीपुस्तक छापलं आणि स्टाफरूमपासून सुरुवात केली.

"बरं करतात का ते लोक?" इतिहासाच्या सरांनी विचारलं.
"नाही."
"ऑपरेशन वगैरे?"
"नाही."
"मग करतात काय?"
"दुखू देत नाहीत."

सरांनी दोनशे रुपये दिले, पण चेहऱ्यावर असं की शिवाजी पेठेतल्या मंडळाला आणखी कमी दिले असते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं पाचशे एक काढले, आणि मी पेन उघडल्यावर हात आडवा केला. "पावती फाडू नका. माझं नाव नको त्याच्यावर." त्यांना वाटलं असावं की ह्या पुस्तकात नाव आलं तर यादीतही येईल. एका ओळखीच्या बाईंनी दारातून परत पाठवलं, घरात लग्न आहे म्हणून. मी चिडले नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. अन्नदानाला हात सैल, मंदिराच्या कळसाला सैल, आणि ज्या दारातून प्रत्येकाला जायचंय त्या दाराच्या बिजागरीला तेल घाला म्हटलं की सगळ्यांना शकुन आठवतात.

मग चार-पाच दिवसांनी तोच किराणावाला दुकान बंद करायच्या वेळी मला हाक मारून म्हणाला, "बाई, ते फेऱ्या मारणार आहात न्हवं? एका फेरीला आमच्या आईचं नाव घ्या की. लई हाल झालं तिचं." तिथून गाडी वळली. लोक पैशाबरोबर नावं द्यायला लागले, काही जण पैशाशिवाय नुसती नावंच. लग्नघरातल्या बाईंनी फोन केला आणि दबक्या आवाजात दिराचं नाव सांगितलं. इतिहासाच्या सरांनी तर चिठ्ठी पाठवली, दोन नावं, खाली आणखी आठशे रुपये. चौकोनी वहीच्या एका कागदावर मी एक्केचाळीस नावं लिहिली, नऊ फेऱ्यांत वाटून. पहिल्या ओळीत मावशी, शेवटच्या ओळीत आण्णा. चौकाचौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावणारं हे गाव ही नावं मात्र माझ्या कानात सांगत होतं.

तयारीचं फार सांगत नाही, पळणाऱ्यांच्या तयारीइतकं कंटाळवाणं वाचायला काही नसतं. सात महिने. वस्ताद म्हणून लाभले आण्णांचे तालमीतले मित्र तात्या, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यात कधी शर्यतीत पळालेले नाहीत. "पळणं म्हंजे काय, दमसासच की," एवढ्या भांडवलावर त्यांनी मला हाताशी धरलं. जोर-बैठका, एक दिवस आड पळणं, रात्री गंगावेशीत दुधाचा ग्लास. दूध मला पचलं नाही, ते आम्ही दोघांनी आईपासून लपवलं. तात्यांचा एकच आदर्श, फडेप्पा चौगुले. "आपल्या बेळगावचा गडी, 1920 साली अँटवर्पला ऑलिंपिकात पळाला. एकोणिसावा आला." ती मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची होती, नेहमीच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त, हे मी त्यांना वाचून दाखवलं तर खूश होऊन म्हणाले, "बघ. आणि तू सतराशे मीटर शोधत बसलीस."

रविवारी लांब पल्ला, वडणग्याच्या, चिखलीच्या बाजूला. नोव्हेंबरात गुऱ्हाळं पेटली की पहाटे चिमणीचा धूर रस्त्यावर आडवा पसरलेला, आणि काहिलीतल्या रसाचा वास इतका दाट की श्वासाबरोबर गिळावा लागतो. एका गुऱ्हाळावरच्या माणसानं पहिल्या रविवारी मला विचारलं, "बाई, यष्टी चुकली काय?" तिसऱ्या रविवारी तो न बोलता गरम गुळाचा गोळा पळसाच्या पानावर घेऊन उभा होता. दुकानात पळणाऱ्यांसाठी महागडी जेल मिळतात, मी मात्र गूळ आणि मीठ एवढ्यावर भागवलं. ह्यात गावाचा अभिमान कमी आणि हिशेब जास्त. शरीरात साखरेचा साठा असतो साधारण दोन हजार कॅलरींचा. एका किलोमीटरला जवळपास आपल्या वजनाएवढ्या कॅलरी जातात. माझं वजन बासष्ट. दोन हजार भागिले बासष्ट, बत्तीस. म्हणजे बत्तिसाव्या किलोमीटरला कोठार रिकामं, वाटेत जे तोंडात टाकाल त्यावर पुढचं. मॅरेथॉन पळणारे ज्या भिंतीला आपटल्याचं सांगतात ती भिंत हीच. मी हे गणित फळ्यावर मांडलं होतं. फळ्यावर ते फार सोपं दिसतं.

त्या रविवारी पहाटे चारला सुरुवात केली. रंकाळ्यावर धुकं, दिव्यांभोवती पिवळी वलयं, काठाला केंदाळाचा तो कुजका ओला वास. टॉवरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत आई बसलेली, आण्णांचा मफलर बांधून, पायांशी चहाचा थर्मास. शाळेतली चार पोरं सायकली घेऊन आलेली, त्यातली दोन माझ्याच विषयात नापास. पहिल्या चार फेऱ्यांचं सांगण्यासारखं काही नाही. जावळाचा गणपती, अंबाई टँक, शालिनी पॅलेस, इराणी खण, परत टॉवर. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कागद काढायचा, त्या फेरीतली नावं मनात म्हणायची, कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत. पाचव्या फेरीला उजाडलं आणि पथकातल्या सिस्टर सोबत पळायला आल्या, अर्ध्या फेरीपुरत्या, नंतर त्यांना सकाळच्या घरभेटी होत्या. पळताना मी त्यांना विचारलं, ह्या पैशाचं काय करणार? "पेट्रोल," त्या म्हणाल्या. "आणि गादी. हवेची गादी. पाठीला जखमा होत नाहीत तिच्यावर." मला वाटतं, दान मागताना आपण उगाच मोठे शब्द वापरतो.

सातव्या फेरीच्या शेवटाला, कागदावर सापडलं होतं तिथंच, बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, माझे पाय माझे राहिले नाहीत. दुखत होते हे खरं, पण दुखण्याचं एवढं काही नाही. डोक्यातला दिवा विझल्यासारखं झालं. पुढच्या खांबापर्यंत जायचं कशासाठी, हेच आठवेना. चौपाटीवर फिरायला आलेली मंडळी तोवर जमली होती, टाळ्या वाजवत होती. "शाबास ताई! झालंच आता! थोडंच राहिलंय!" चांगली माणसं सगळी. पण त्यांचं ऐकून मला रडायला यायला लागलं, कारण थोडं राहिलं नव्हतं.

तात्या लुनावर मागं होते. त्यांनी लुना कठड्याला टेकवली आणि माझ्या शेजारी चालायला लागले. हो, चालायला. माझं पळणं तोवर त्यांच्या चालण्याच्या वेगावर आलं होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून कागदाची पुडी काढली.

"अजून धा किलोमीटर हाय," म्हणाले. "मीठ चाट."

मी मीठ चाटलं, गुळाचा खडा गालात धरला. पुढच्या खांबापर्यंत गेले. मग त्याच्या पुढच्या. थोडं पळायचं, थोडं चालायचं, कधी दोन पावलं थांबून वाकायचं. नंदीच्या देवळाकडं फुटणारी वाट मागं टाकताना मला रेशनचा तांदूळ आठवला आणि एकटीच हसले. तात्यांना वाटलं, चढलं हिला. आण्णांचं आजारपण असंच गेलं होतं. सोमवारी अर्धी भाकरी खाल्ली, मंगळवारी पाणीही नको. बुधवारी खाटेवर बसून रेडिओ, गुरुवारी दिवसभर गुंगी. आम्ही रोज संध्याकाळी हिशेब मांडायचो, आज किती पुढं, किती मागं. आणि पाणी कुठं आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ते गेले पहाटे, पाटावरच्या उशीवर डोकं ठेवून, पंखा चालू असताना. आई शेजारीच होती. तिला वाटलं, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागलीय, म्हणून तिनं मला तासभर उठवलं नाही.

आठव्या फेरीला कागद काढला तर घामानं शाई पसरलेली. नावं वाचता येईनात. ज्यांची आठवली त्यांची घेतली, बाकीच्यांची माफी मागितली. नवव्या फेरीत एकच नाव होतं, ते वाचावं लागत नाही.

टॉवरला वळसा घातला तेव्हा आई खुर्चीतून उठून उभी होती. मी थांबेन असं तिला वाटलं. मी हातानंच खाली उतारावर खूण केली. गंगावेशीत रविवारची गर्दी सुरू झालेली, म्हशी, रिक्षा, भाजीवाल्या. पोरं सायकलच्या घंट्या वाजवत पुढं. कुणी बाजूला होत होतं, कुणी शिव्या देत होतं. घाटाच्या पायऱ्यांपाशी घड्याळ बघितलं. 42.2. वेळ पाच तास सव्वीस मिनिटं. फडेप्पांना दोन तास एक्कावन्न मिनिटंही पुरती लागली नव्हती, आणि तेही अर्ध्या किलोमीटरहून जास्त पळून.

मी पायरीवर बसले. बूट काढले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. नदी हिवाळ्यातली, खाली गेलेली. शेजारच्या स्मशानभूमीत कुणाचं तरी रक्षाविसर्जन होतं, साडेनऊचा सुमार, पांढऱ्या टोप्यांची माणसं दोघं-तिघं करून बाहेर येत होती. एका बाजूला टेम्पोतून शेणी उतरवल्या जात होत्या. तोंड धुवायला आलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ थांबले. माझा चेहरा, मिठाचे पांढरे ओघळ, हातातला भिजलेला कागद, सगळं त्यांनी बघितलं असणार.

"कोण वारलं, ताई?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

काय सांगावं कळेना. इथं एक सांगते, कोल्हापुरात आम्ही बायकाही "आलो, गेलो"च म्हणतो, पुण्याच्या नणंदेला अजून त्याचं हसू येतं. आणि दमलेल्या माणसाला शब्द निवडता येत नाहीत.

"न्हाई ओ," मी म्हटलं. "पळून आलोय."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पुन्हा एकदा न्याहाळलं. केस पांढरे झालेली बाई, पायात बूट नाहीत.

"पळून?" ते म्हणाले. "ह्या वयात? आणि घरी म्हाईत हाय का?"

मागून आई थर्मास घेऊन पायऱ्या उतरत होती.